खाचेतला बर्फ

"जंतूची कुपी चोरीला गेलीय," प्रयोगशाळेचा संचालक फोनवर म्हणाला. सूर असा, जणू छत्री हरवली होती. "चोरही पकडून ठेवलाय."

फोन घेतलेल्या बाई, देशातल्या कोणत्या प्रयोगशाळेत कोणता जीवघेणा जंतू आहे, यावर लक्ष ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यालयात तपासनीस होत्या. दुसऱ्याच दिवशी त्या याच प्रयोगशाळेत कुप्यांच्या प्रत्यक्ष मोजणीला जाणार होत्या. नेमकी आदल्या दिवशी चोरी! बाईंनी नाक मुरडलं आणि एका हवालदाराला पोलिसांची गाडी घेऊन मागोमाग यायला सांगून स्वतःची गाडी काढली.

'चोर' म्हणजे नव्याने रुजू झालेली संशोधक मुलगी. तिला सामानाच्या खोलीत कोंडलं होतं. रडून तिचे डोळे सुजले होते. संचालक मात्र केबिनमध्ये पायावर पाय टाकून चहा पीत होता.

"इमारत रिकामी केलीत?" बाईंनी विचारलं.

"कशाला उगाच घबराट?"

"कुपी शेवटची कधी पाहिलीत?"

"काल सकाळी. या डोळ्यांनी! त्यानंतर फ्रीझर उघडला तो आज, तेव्हा जागा रिकामी."

"फ्रीझर कोणाच्या अंगठ्याने उघडतो?"

"आधी फक्त माझ्या. गेल्या आठवड्यापासून तिच्याही. मीच अधिकार दिला हो! माझ्या भलेपणाचं हे फळ."

अशी भली माणसं बाईंनी पुष्कळ पाहिली होती.

संरक्षक पोशाख चढवून त्यांनी फ्रीझर उघडला. ट्रेमधली एक कुपी चिमट्याने उचलली. तिच्याखालची खाच स्वच्छ होती. हरवलेल्या कुपीच्या खाचेत मात्र काठोकाठ बर्फ होता. चिमट्याने टोकरलं, तरी कपचासुद्धा निघेना.

बाहेर येऊन त्यांनी मुलीला केबिनमध्ये बोलावलं.

"खाचेत दगडासारखा बर्फ साचलाय," बाई म्हणाल्या. "तो एका दिवसाचा नाही, कित्येक महिन्यांचा आहे. म्हणजे कुपी गेली तेव्हा या मुलीचा अंगठा कुलपाला ठाऊकच नव्हता. ठाऊक होता फक्त तुमचा. काल तुम्ही काहीही पाहिलं नाहीत. शिवाय असला जंतू मोकाट सुटला, तर माणूस पळत सुटतो. तुम्ही चहा पीत बसलात. कारण कुपी शिल्लकच नाही, हे तुम्हाला माहीत होतं. उद्याच्या मोजणीसाठी तुम्हाला चोर हवा होता, म्हणून हिला अधिकार दिलात. काय केलंत त्या कुपीचं?"

संचालकाचा चेहरा पडला. "फुटली," तो पुटपुटला. "मेव्हण्याला दाखवत होतो... हातातून निसटली. जंतुनाशक टाकून सगळं पुसून घेतलं."

"कोणी पुसलं?"

"सफाईवाल्या बाईने."

"कुपीत काय होतं, ते तिला सांगितलंत?"

तो कपातल्या चहाकडे बघू लागला. मुलीने तोंडावर हात ठेवला.

बाईंनी फोनाफोनी सुरू केली. संध्याकाळपर्यंत सफाईवाल्या मावशींचा पत्ता लागला. त्या लेकीकडे होत्या. कुपी फुटली त्याच आठवड्यात त्यांना ताप आला होता आणि तो छातीत उतरला होता. डॉक्टर नुसते अंदाजाने औषधं बदलत राहिले. जीव वाचला, पण जिना चढायचं बळ कायमचं गेलं. जंतूचं नाव कळलं असतं, तर नेमकं औषध त्याच दिवशी मिळालं असतं.

बाईंनी हे सांगितलं, तसा संचालकाने सुटकेचा श्वास टाकला. "वाचली ना मग!"

मुलगी रडायची थांबली आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

बाई हवालदाराकडे वळल्या. "यांना तुमच्या गाडीतून न्या. माझ्या गाडीत नकोत."