बिनदोरीचं यंत्र

दुकानदार आला तेव्हा वहिनी इस्त्री करत होत्या, आणि आपला हात लागून कपडे चुरगळू नयेत म्हणून भावजी नुसते बसून होते.

विमा कंपनीसाठी अपघातांची चौकशी करण्यात वहिनींची हयात गेली होती. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. नवरा गेल्यावर त्यांनी खासगी तपासाची कामं घ्यायला सुरुवात केली. धाकटे दीर चार दिवस गाडी चालवायला म्हणून आले, ते राहिलेच. आता सारी गल्ली एकीला वहिनी म्हणते आणि दुसऱ्याला भावजी.

रिमोटवर उडणाऱ्या विमानांचं आणि हेलिकॉप्टरांचं दुकान चालवणारा तो माणूस पुढे केलेल्या खुर्चीवर बसलाच नाही.

“लोक म्हणतात, मी माणूस मारला,” तो म्हणाला. “आणि मला छातीठोकपणे नाही म्हणता येत नाहीये.”

मेलेला माणूस त्याचं गिऱ्हाईक होता. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेला म्हातारा, सगळे त्याला मिस्त्री म्हणत. महिन्याभरापूर्वी तो दुकानात आला आणि शोकेसमधल्या सगळ्यात मोठ्या हेलिकॉप्टरकडे बोट दाखवून म्हणाला, आयुष्यभर दोरीनं वरखाली केलं, आता बिनदोरीचं काहीतरी वर जाताना बघायचंय. दुकानदाराने त्याला समजावलं की पहिलं हेलिकॉप्टर उडेल कसं ते बघून घ्यायचं नसतं, पडल्यावर काय मोडेल ते बघून घ्यायचं. मग मधल्या आकाराचं दिलं, त्याला लाकडी पाती लावली. लाकूड मोडतं, समोरच्याला मोडत नाही. यंत्र कलंडू नये म्हणून खाली टोकांना चेंडू लावलेल्या काड्यांची फुली बसवली. चार्जर दिला, बॅटऱ्या ठेवायची आगीला न जुमानणारी पिशवी दिली, आणि तीन बॅटऱ्या दिल्या. दुकानाची खूण म्हणून प्रत्येकीवर पिवळा ठिपका होता.

परवा दुपारी मिस्त्री आपल्या खोलीत त्या यंत्राशेजारी मेलेला सापडला. मान चिरलेली. यंत्रावर पाती होती ती कार्बनची, काळी.

“मी ती विकली नाहीत. पण म्हाताऱ्याने हट्टाने मागितली असतील आणि मी घाईत दिली असतील तर? रात्रंदिवस आठवतोय, वहिनी. आठवून आठवून आता दिलीच असं वाटायला लागलंय. खटल्याचं सोडा. मी त्यांना मारलं की नाही, एवढं मला कळायला हवं.”

वहिनींनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

मिस्त्रीची खोली घराच्या मागच्या अंगाला होती, दार बोळात उघडणारं. इन्स्पेक्टर वहिनींना जुन्या नोकरीपासून ओळखत होता. त्याने सील काढलं आणि आपलं मत न विचारता सांगून टाकलं: म्हातारा यंत्रावर वाकला, ते अचानक सुरू झालं, खेळ खलास.

टेबलावरचं हेलिकॉप्टर लहान मुलाच्या हाताएवढं लांब होतं. रक्त टेबलाखाली वाळलं होतं. वहिनी खाली वाकल्या आणि काळ्या पात्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. पात्याची एक कड जाड, गोलसर होती. दुसरी पातळ. रक्त पातळ कडेला होतं, जाड कड स्वच्छ.

“पातळ कडच कापणार ना,” भावजी म्हणाले. “सुरीच्या पाठीने कधी कोणाची मान कापली?”

वहिनींनी पेन्सिलीने पातं जागच्या जागी हलवून पाहिलं. ते हललं नाही, इतका स्क्रू आवळलेला होता. फळीवरच्या डब्यात लाकडी पाती होती, अखंड. पिशवीत दोनच बॅटऱ्या होत्या. हेलिकॉप्टरच्या पोटात बॅटरीची जागा रिकामी होती, बांधायचा पट्टा तेवढा लोंबत होता.

तिसरी कुठेतरी उडून पडली असेल, असं इन्स्पेक्टरचं म्हणणं. खोलीत मिळाली नव्हती. मिस्त्रीच्या खिशात चष्मा, रुमाल आणि खोकल्याची गोळी, बस.

मिस्त्रीची मुलगी वरच्या मजल्यावर नवऱ्यासोबत राहत होती. दुपारचा चहा घेऊन खाली गेली ती हीच. तिचे डोळे कोरडे होते. रडून संपलेल्या माणसाचे असतात तसे. वहिनींनी तिला मिस्त्रीच्या कामाच्या पद्धतीबद्दल विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा थोडी हसली.

“बाबा पंखासुद्धा फ्यूज काढल्याशिवाय उघडायचे नाहीत. तो फ्यूज खिशात घालायचे, आणि तसेच बाजारात निघून जायचे. आम्ही इकडे अंधारात. म्हणायचे, वीज भिंतीवर ठेवली की कोणीही चालू करतो, आपल्या खिशात ठेवावी.”

“अलीकडे कसे होते?”

“गप्प. एका इमारतीत लिफ्ट कोसळली, झाडणारी बाई गेली त्यात. चौकशी समितीने जुने जाणकार म्हणून बाबांना बोलावलं होतं, या आठवड्यात जायचं होतं. ते जाऊन तुटलेला दोर बघूनही आले. तिथली देखभाल ह्यांच्याच कंपनीकडे आहे. हे म्हणत होते, तब्येत बरी नाही, जाऊ नका.”

जिना उतरताना भावजी म्हणाले, बिचाऱ्या जावयाला काळजी होती. वहिनी म्हणाल्या, होती खरी.

दुकानात वहिनींनी तसंच हेलिकॉप्टर बघायला मागितलं. दुकानदाराने बॅटरी जोडून पंखा सावकाश फिरवून दाखवला, मग बॅटरी काढून गल्ल्याशेजारच्या पत्र्याच्या ताटलीत ठेवली आणि मगच पात्याला हात लावला. पातं फिरताना जाड कड पुढे असते, पातळ मागे, विमानाच्या पंखासारखी. वाटेत जे येईल ते जाड कडेला आपटतं. आणि पात्याचा स्क्रू कधी करकचून आवळायचा नाही, पात्याला आपली जागा शोधू द्यायची. हे त्याने मिस्त्रीकडून दहादा करून घेतलं होतं.

“शिकले होते?”

“माझ्यापेक्षा चांगलं.”

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर कॅप्टन भेटला. तो कुठल्या जहाजाचा ना विमानाचा, पण इतकी वर्षं हेलिकॉप्टर उडवत होता की नाव पडलं ते पडलं. यंत्र उतरवलं, बॅटरी काढली, पिशवीत घालून पिशवी बंद केली, आणि तेवढं झाल्यावरच त्याने आलेल्यांना नमस्कार केला. मिस्त्रीला उडवायला तोच शिकवत होता. काळ्या पात्यांचं नाव काढताच त्याचा चेहरा उतरला.

“मीच दिली ती. म्हटलं, हात बसला की लावा. ते म्हणाले, ही मी मेल्यावर लागतील. डबा उघडलासुद्धा नाही माझ्यासमोर. हे मी पोलिसांना सांगितलं नाही. भीती वाटली. दुकानदाराचं नाव येतंय हे कळत होतं, तरी गप्प बसलो.”

“माती खाल्लीत,” वहिनी म्हणाल्या. त्याने मान खाली घातली.

जावई एका उंच इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत होता. मिस्त्रीच्या हाताखाली उमेदवारी केलेला, पुढे त्याचाच जावई झालेला आणि आता कंपनीचा सुपरवायझर. काम संपवून त्याने हात पुसले, खिशातून फ्यूज काढून बोर्डात बसवला, यंत्र घुमायला लागलं, तेव्हा कुठे तो बोलला. त्या दुपारी तो फिरतीवर होता. सासऱ्यांचा त्याला लळा होता. त्या खेळण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तो म्हणाला. म्हातारपणी कसले हे शौक, पण ऐकतंय कोण.

गाडीत भावजींनी आपला निकाल दिला. कॅप्टनने पाती दिली, मिस्त्रीने मोहापायी लावली, बॅटरी कोणीतरी पायाने लाथाडली. “अपघातच, वहिनी.”

“भावजी, ज्या माणसाने पंख्यासाठी घरादाराला अंधारात बसवलं, तो जोडलेल्या बॅटरीवर मान वाकवेल?”

“मग बॅटरी काढून खिशात घातली असेल.”

“खिशात तर नव्हती. आणि काढलेल्या बॅटरीवर पातं फिरत नाही.”

सिग्नल हिरवा झाला तरी भावजींनी गाडी काढली नाही; मागून हॉर्न वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना दुकानात बोलावलं. मुलगी आली, जावई आला, कॅप्टन आला, इन्स्पेक्टर दाराशी उभा राहिला. गल्ल्यावर मिस्त्रीच्या यंत्राचं जुळं भावंड ठेवलं होतं, बॅटरी जोडलेली, लाकडी पाती लावलेली.

“लाकडी पात्याने मान कापते का, एवढंच बघायचंय,” वहिनी म्हणाल्या. “पातं सुटं करून हातात द्या कोणीतरी. तुम्हीच द्या. तुमचा हात यंत्रावर बसलेला आहे.”

जावई पुढे झाला. दुकानदाराने दिलेली किल्ली त्याने घेतली, बॅटरीची वायर उपसली, बॅटरी पट्ट्यातून सोडवली आणि स्क्रूला किल्ली लावली. पातं निघालं. त्याने ते वहिनींपुढे धरलं.

“बॅटरी कुठे आहे?” वहिनींनी विचारलं.

तो गल्ल्यावर बघायला लागला. ताटलीत नव्हती. पिशवीत नव्हती.

त्याच्या मागून त्याची बायको अगदी हळू म्हणाली, “तुमच्या खिशात.”

त्याचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

“दुकानदार बॅटरी ताटलीत ठेवतात,” वहिनी म्हणाल्या. “कॅप्टन पिशवीत घालतात. खिशात घालणारी माणसं या प्रकरणात दोनच. मिस्त्री, आणि त्यांनी तयार केलेला माणूस. मिस्त्रींच्या खिशात चष्मा होता.”

त्या सावकाश बोलत होत्या, कोणाकडे न बघता. फिरत्या पात्याने मान कापली असती तर रक्त जाड कडेला लागलं असतं. ते पातळ कडेला लागलं, म्हणजे हाताने लावलेलं आहे, आणि पातं कुठून आपटतं हे ठाऊक नसलेल्याने लावलेलं आहे. उडवणारा माणूस ही चूक करणार नाही. स्क्रू करकचून आवळलेले होते. दुकानदार तसं करत नाही, कॅप्टन करत नाही, मिस्त्रीही करत नव्हते. लिफ्टवाला मात्र प्रत्येक बोल्ट जीव खाऊन आवळतो, कारण खाली माणसं असतात. तर काळी पाती मिस्त्रींनी लावली नाहीत. आपण मेल्यावर लागतील म्हणाले होते, तशीच लागली.

“लाकडी पात्याने एवढी जखम होत नाही, हे तुमच्या ध्यानात आलं. फळीवर काळी पाती दिसली. ती बसवायला यंत्रात हात घालायचा होता. तेव्हा आधी वीज काढलीत आणि खिशात टाकलीत. समोर सासरा मरून पडलेला असतानाही त्यांची शिकवण चुकली नाही. मारलंत कशाने?”

“केबल सोलायच्या सुरीने,” जावई म्हणाला. त्याचा आवाज कामावर बोलतो तसाच होता. “दोर बदलायला झाला होता. मी बघितला आणि सही केली, पुढच्या महिन्यात बदलू म्हणून. ती बाई गेली. मी बाबांच्या पाया पडलो. ते म्हणाले, समितीला दोर जसा दिसला तसा सांगणार. पाठ फिरवून त्या खेळण्याकडे वळले, त्याला बॅटरी जोडली.” मग म्हणाला, “बॅटरी खिशात आहे हे रस्त्यावर गेल्यावर कळलं. परत आत जायचं धाडस झालं नाही.”

मिस्त्रींची ती तिसरी बॅटरी नंतर गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत, मोटारीच्या मागे मिळाली. पिवळ्या ठिपक्यासकट.

इन्स्पेक्टर जावयाला घेऊन गेला. जाताना जावयाने खिशातली बॅटरी काढून गल्ल्यावर ठेवली, नीट, कडेला. बायकोकडे त्याने बघितलं नाही.

दुकानदार स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मोठा माणूस, पण कोणी त्याला थांबवलं नाही. भावजींनी पाण्याचा ग्लास आणला आणि स्वतःच अर्धा पिऊन टाकला.

मुलगी तिथेच उभी होती. तिला वडील नव्हते आता, आणि वर चढून जायचं घरही राहिलं नव्हतं. तिने गल्ल्यावरच्या हेलिकॉप्टरच्या शेपटीला बोट लावलं.

“ते उडालं होतं का कधी?” तिने विचारलं.

“एकदा,” कॅप्टन म्हणाला. “गुडघ्याएवढं. लगेच उतरवलं त्यांनी. मग तिथेच गवतात बसून राहिले बराच वेळ.”

“मला नाही सांगितलं.”

“डोक्याच्या वर जायला लागलं की तुम्हाला मैदानावर आणणार होते. तुम्हाला आणि जावयाला.”

तिने मान हलवली. मग पदराने बोट पुसलं आणि वहिनींना विचारलं, समितीपुढे बाबांच्या जागी कोणी जाऊ शकतं का, कारण दोर कसा दिसला ते बाबांनी तिला जेवताना सांगितलं होतं.