टिचक्याचा आवाज

सावंतवाडीच्या उभयचर प्रयोगशाळेत त्या सकाळी दोनच माणसे होती. एक, बेडकांच्या आवाजाचे अभ्यासक डॉ. निरंजन खानोलकर. दुसऱ्या, त्यांना सहावीत विज्ञान शिकवलेल्या मालिनी धुरी, म्हणजे सगळ्यांच्या धुरीबाई.

"मला यादी दे," बाई म्हणाल्या. "साप, सरडे, बेडूक यांची खरी माहिती इंटरनेटवर कुठे मिळते? वाचनालयातली मुलं विचारतात. परवा एका ठिकाणी मण्यार चक्क बिनविषारी म्हणून दिली होती. उद्या एखादं पोर हातात धरेल!"

"म्हणूनच हे यंत्र बनवलं. उगमदर्शक. कालच पूर्ण झालं." निरंजनने पडद्याकडे बोट केले. "कुठलंही विधान, चित्र, आवाज द्या. ते नकलांचा माग काढत मागे जातं आणि सांगतं, मुळात किती जणांनी स्वतः पाहिलं किंवा ऐकलं."

"म्हणजे घागरी हजार असल्या, तरी विहिरी किती ते मोजायचं."

"अगदी तसंच."

"मग टिचक्या घाल त्यात."

निरंजनचा हात थांबला. टिचक्या हा नखाएवढा बेडूक फक्त घुमटीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, तिथल्या डबक्यांत राहत असे. गेल्या महिन्यात निरंजनच्याच अहवालाने तो नामशेष ठरला आणि सड्यावर चिरेखाणीला परवानगी मिळाली. खोदाई आजपासून होती.

"बाई, सड्यावर आमचे दहा श्रवणखुंट आहेत, आवाज टिपणारी यंत्रं. सहा वर्षं ऐकतायत. टिचक्याचा आवाज ओळखला की फक्त तारीख नोंदवतात, ध्वनी पुसून टाकतात. गेल्या दोन वर्षांत एकही नोंद नाही."

"खुंटांना तो आवाज शिकवला कुणी?"

"चारशे बारा संकेतस्थळांवर आहे की! सगळीकडे हुबेहूब तोच. माझा प्रबंधच त्यावर आहे."

"हुबेहूब तोच? चारशे बारा बेडूक एकसारखे ओरडले होय रे?"

 निरंजनने तो आवाज यंत्रात घातला.

अर्ध्या मिनिटात आकडा आला. उगम एक. खाली एका शाळेच्या जुन्या पानाचा पत्ता होता. निरंजनने मूळ ध्वनी लावला. टिच्, टिच्, टिर्रर्र. त्यानंतर, पुढच्या सगळ्या नकलांत कापला गेलेला तुकडा होता. मुले खिदळत होती आणि एक बाई म्हणत होत्या, "हसू नका रे! आता तुम्ही काढा."

धुरीबाई पडद्याकडे वाकल्या.

"ही मी आहे."

"बाई?"

"टिचक्या इतका बारीक बोलतो की शाळेच्या टेपवर येईना. म्हणून मीच तोंडाने काढून दाखवला. पानावर तसं लिहिलंही होतं! खरा आवाज केसासारखा पातळ असतो रे. माझ्या घशातून कसा निघणार?"

"पण आधीच्या चार वर्षांत अकरा नोंदी आहेत," निरंजन घाईघाईने म्हणाला. "म्हणजे खुंटांनी खरा बेडूक ओळखला असणारच."

"तारखा दाखव."

बाईंनी एकेक तारीख बोटाने वाचली. सगळ्या पावसाळ्यातल्या. सगळे शुक्रवार.

"तू शाळा सोडल्यावर मी दर शुक्रवारी सहावीला सड्यावर न्यायला लागले," त्या पुटपुटल्या. "डबक्याशी उकिडवं बसून टिचक्यासारखी बोलायची. खरा टिचक्या तिथून उत्तर द्यायचा. मुलं टाळ्या पिटायची."

"आणि दोन वर्षांपूर्वी काय झालं?"

"माझे गुडघे गेले. सड्यावर जाणं बंद झालं."

म्हणजे नोंदी थांबल्या त्या बाई यायच्या थांबल्या म्हणून, बेडूक संपला म्हणून नव्हे. निरंजनने खाण अधिकाऱ्याला फोन लावला. अधिकारी सड्यावरच उभा होता. मागे चिरे कापायच्या यंत्राची घरघर चालू होती.

"साहेब, काम थांबवा. माझा अहवाल चुकीचा आहे."

"का? बेडूक सापडला?"

"नाही. आम्ही त्याला कधी ऐकलंच नव्हतं."

"मग त्या अकरा नोंदी कुणाच्या?"

निरंजनने फोनवर हात ठेवून बाईंकडे पाहिले.

"माझं नाव सांग," बाई म्हणाल्या.

त्या नोंदी धुरीबाईंनी काढलेल्या आवाजाच्या होत्या आणि खऱ्या टिचक्याचा आवाज खुंटांना कधी शिकवलाच नव्हता, हे त्याने सांगितले. पलीकडून अजून घरघर ऐकू येत होती. मग ती थांबली.