गोष्टीतला भाऊ

“नाही. मी हिला यातलं काहीही सांगितलेलं नाही. हिनं आपल्या मनानं रचलंय.”

खोताच्या वाडीतल्या त्या घराच्या पुढच्या खोलीत ऐंशी ओलांडलेले कायतान आरामखुर्चीत बसून, नजर जमिनीला लावून एवढंच बोलले. त्यांची सून ॲलिसन स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तो ट्रे तिनं खाली कधी ठेवला, हे तिला नंतर आठवलंच नाही. आठवत राहिलं ते एवढंच, की हे बोलताना पप्पांचा आवाज जराही कापला नव्हता…

समोर तिची नणंद प्रिसिला बसली होती आणि तिच्या मांडीवर एक दिवाळी अंक उघडा पडला होता. त्या अंकात ॲलिसनची कथा आली होती, आयुष्यात छापून आलेली पहिली कथा! प्रिसिलाला मराठी नीट वाचता येत नसे. माहीमला तिच्या शेजारणीनं ती वाचून दाखवली होती आणि ऐकता ऐकता प्रिसिलाच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नावं बदलली म्हणून काय झालं? वाडी तीच, घर तेच, आणि लालबागच्या हिंदू मुलापायी घरातून घालवून दिलेली ती मुलगी म्हणजे पप्पांची थोरली बहीण मॉड, हे कुणीही ओळखेल. साठ वर्षं जिच्या नावाचा या घरात उच्चार झाला नाही, तिची गोष्ट हिनं चव्हाट्यावर मांडली. आणि जानेवारीत आपल्या मुलीचं लग्न आहे, याचाही विचार केला नाही.

तेव्हा ॲलिसननं शांतपणे सांगितलं होतं की ही हकीकत मला पप्पांनीच सांगितली आहे, त्यांनाच विचारा. किती विश्वासानं म्हणाली होती ती! आणि पप्पांनी…

ॲलिसन मूळची वसईकडची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन गिरगावात आली तेव्हा या घरात सगळे इंग्रजी बोलत. वाडीची जुनी मराठी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली. नवरा टेरेन्स स्वभावानं वाईट नव्हता, पण बायको मराठीत काहीतरी लिहिते ही त्याच्या लेखी कौतुकाचीही गोष्ट नव्हती आणि तक्रारीचीही. सकाळी मासळी साफ करून डबे भरायचे, मग परळच्या इस्पितळात बिलांच्या खिडकीमागे दिवसभर बसायचं, आणि जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या कोपऱ्यात डाव्या हातानं पोळी खात उजव्या हातानं लिहायचं… असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. सुट्टीच्या शनिवारी ती उत्तनला, गोराईला, कधी वसईला जाई. तिथल्या म्हाताऱ्यांकडून लग्नातली गाणी आणि जुन्या गोष्टी ऐकून घेई. परत आल्यावर त्या दिवसाचे राहिलेले कपडे आणि भांडी तिचीच वाट पाहत असत. “तुझ्या म्हाताऱ्या काय म्हणतात?” टेरेन्स हसून विचारी आणि उत्तराआधीच टीव्हीकडे वळे. मुलगा ॲलिस्टर नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून तर घरात तिच्या लिखाणाची आठवण काढणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे पप्पा.

कायतान गिरगावातल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याचं काम करत निवृत्त झालेले. मराठी अक्षरावर त्यांचा जीव. ॲलिसननं काहीही लिहिलं की पहिल्यांदा ते त्यांना वाचून दाखवायचं, असा दोघांचा नेमच होता. “ऱ्हस्व आहे ते, ॲली,” असं म्हणत ते तिच्या चुका काढत, पण एखादं वाक्य आवडलं की डोळे मिटून “पुन्हा वाच” म्हणत. स्वतःचे वडील लहानपणीच गेलेल्या ॲलिसनला त्या दोन शब्दांत पितृछत्र लाभल्यासारखं वाटे!

गेल्या वर्षी ते न्हाणीघरात पडले आणि मांडीचं हाड मोडलं. ॲलिसननं साठवलेली सगळी रजा काढली. त्यांचं अंग पुसणं, त्यांना कुशीवर वळवणं, सगळं तिनं केलं, आणि त्याच दिवसांतल्या एका लांबलचक दुपारी त्यांनी तिला मॉडची गोष्ट सांगितली. छापखान्यात त्यांच्याबरोबर काम शिकणारा शिवा, लालबागच्या चाळीतला, त्यांचा जिवलग मित्र… तो मॉडला आवडू लागला. एका संध्याकाळी तिघं मिळून चौपाटीवर गेले आणि कुणीतरी मॉडला शिवाबरोबर पाहून घरी सांगितलं. मॉड म्हणाली, आम्ही एकटे नव्हतो, कायतान बरोबर होता, त्याला विचारा. “आणि मी म्हणालो, हो, होतो मी,” पप्पांनी सांगितलं होतं. “बापानं मला पट्ट्यानं मारलं, तरी मी शब्द फिरवला नाही. पण बापानं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी मॉडला वसईकडे आत्याच्या घरी पाठवून दिलं. पुन्हा ती या घरात आली नाही.” बोलता बोलता ते ढसाढसा रडले होते. मग तिचा हात धरून म्हणाले होते, “लिही हे, ॲली. माझ्या डोळ्यांदेखत लिही.”

ते बोलणं ॲलिसनच्या फोनमध्ये होतं! एकही शब्द निसटू नये म्हणून तिनं त्यांना सांगूनच ध्वनिमुद्रण केलं होतं. आता प्रिसिला तिला खोटारडी म्हणत होती आणि फोन तिच्या हाताशी, टेबलावरच होता. नुसतं बोट लावायचं, की पप्पांचाच आवाज त्या खोलीत घुमला असता. तिनं फोन उचललाही… आणि तेवढ्यात पप्पांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत केवढी भीती होती, केवढी याचना होती! ज्या माणसाचं अंग तिनं आपल्या हातानं पुसलं होतं, त्याला ती त्याच्याच मुलांपुढे उघडं पाडू शकली नाही. तिनं फोन उलटा करून ठेवून दिला.

“सॉरी म्हण आणि विषय संपव,” खिडकीशी उभा असलेला टेरेन्स म्हणाला.

त्यानं तिला एकदाही विचारलं नाही, की खरं काय आहे. ॲलिसननं सॉरी म्हटलं. त्या एका शब्दासरशी आपल्या आत काहीतरी कायमचं मिटलं, असं तिला वाटलं.

त्यानंतर तिनं लिहिणं सोडलं. घरातलं काही चुकलं नाही. पप्पांची पेज, त्यांची औषधं, चर्चला नेणं, सगळं वेळच्या वेळी होत राहिलं. पण ती त्यांच्याजवळ बसेना. एकदा त्यांनी चाचरत विचारलं, नवीन काही लिहिलंस का? ती “नाही” म्हणाली आणि पाण्याचा ग्लास ठेवून निघून आली. परक्यानं केलेला घाव माणूस सोसतो. पण ज्याच्या खांद्यावर विश्वासानं मान टेकली त्यानंच ती मान खाली घालायला लावली, हे दुःख सांगायचं तरी कुणाला? कॅन्टीनच्या कोपऱ्यात आता ती नुसती बसून राहायची.

डिसेंबर लागला आणि अंकाच्या संपादकांचा फोन आला. वसईजवळच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाईंनी तुमची कथा ऐकली आहे, त्यांना तुम्हाला भेटायचंय, मॉड म्हणतात त्यांना…

मॉड जिवंत होती! ॲलिसननं घरी कुणाला काही सांगितलं नाही. माहेरी जाऊन येते म्हणाली आणि पुढच्या शनिवारी तिच्या दारात उभी राहिली.

केळीच्या वाडीत एक बैठं घर होतं. मॉडनं लग्न केलं नव्हतं. आयुष्यभर तिनं गावातल्या बालवाडीत मुलांना शिकवलं होतं. पाठ वाकली होती, पण डोळे लख्ख होते. ॲलिसनचे दोन्ही हात हातात घेऊन तिनं तिला आपल्याजवळ बसवलं. मग म्हणाली, “सगलं खरं लिवलंस गो. माजा भाव कायतान, निसता तो खोटा लिवलास.”

“म्हणजे?”

“कायतान माज्या बाजूनं नाय उबा रायला. आमच्या बापानं त्याला विचारला, तू होतास का यांच्याबरोबर? तो बोलला, नाय, मना काय ठावं नाय.” मॉड कोरडं हसली. “होता तो. आमच्याबरोबर भेळ खाल्ली त्यानं. एक ‘हो’ बोलला असता तर मी त्या घरात रायली असती. शिवाला छापखान्यातून काढला, मना हतं, आत्याकडं धाडला. कायतान मना सोडायला टेशनवर पण नाय आला.”

ॲलिसन सुन्न झाली. पप्पांनी सांगितलेल्या गोष्टीतही आपल्याला फसवलं होतं, आणि मग ती गोष्टच नाकारून पुन्हा एकदा फसवलं होतं… दोन बायका, आणि दोघींना दिलेला दगा एकाच शब्दाचा! नाही. ती संतापून उठली. आज घरी गेल्यावर सगळ्यांसमोर बोलायचं, फोनमधला आवाज ऐकवायचा, कुणाचीही भीड ठेवायची नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

ती निघताना मॉडनं तिला थांबवलं. “तुज्या गोष्टीतला भाव मना लय आवडला. शेजारच्या पोरीकडून तीन वेला वाचून घेतला. असा भाव मना पायजे होता गो…”

परतीच्या सगळ्या वाटेवर ते शब्द ॲलिसनच्या कानांत होते. पट्ट्याचा मार खाऊनही शब्द न फिरवणारा भाऊ! तो पप्पांनी तिला फसवण्यासाठी रचलेला नव्हता. आपण जसं व्हायला हवं होतं आणि झालो नाही, तो माणूस त्यांनी साठ वर्षं मनात सांभाळला होता आणि मरणाआधी एकदा तरी तो कागदावर जिवंत व्हावा म्हणून सुनेच्या हाती दिला होता. तिचा राग गेला नाही. पण त्या रागाखाली आता आणखी काहीतरी दुखू लागलं.

घरी आली तेव्हा पप्पा एकटेच गॅलरीत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॉड आंटी भेटली.”

त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग ऐकू येईल न येईल अशा आवाजात विचारलं, “काय म्हणाली?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. ओठांवर आलेलंही होतं. पण ॲलिसन एवढंच म्हणाली, “गोष्टीतला भाऊ तिला फार आवडला. तीन वेळा वाचून घेतलं तिनं.”

कायताननी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या बोटांमधून पाणी वाहत होतं, आणि ॲलिसन तिथेच उभी होती… तिला त्यांना हात लावावासाही वाटत होता आणि लावताही येत नव्हता.

नाताळ झाल्यावर प्रिसिला मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. पत्रिका हातात घेतल्यावर पप्पा काठी टेकत उभे राहिले. टेरेन्स आधार द्यायला पुढे झाला, तर त्यांनी त्याला मागे सारलं.

“ॲली खरं बोलली होती,” ते म्हणाले. “मीच तिला सांगितलं, मीच लिहायला लावलं. मी जे सांगितलं त्यात एकच खोटं होतं, ते माझ्याबद्दल. मॉडला मी बुडवलं. बापाला घाबरून तेव्हा तिला नाकारलं, आणि पोरांना घाबरून आता हिला. हिच्या फोनमध्ये माझा आवाज होता. हिनं तो कुणाला ऐकवला नाही.”

“पप्पा, आता कशाला हे सगळं…” प्रिसिला पुटपुटली.

“मला मॉडकडे घेऊन चला,” ते म्हणाले आणि खाली बसले.

प्रिसिला पर्स उचलून निघून गेली. टेरेन्स स्वयंपाकघरात आला. ॲलिसन ओट्याशी उभी होती. तो म्हणाला, “मी तुला विचारायला हवं होतं.”

“हो,” ती म्हणाली. “विचारलं नाहीस.” ती रडली नाही, तिनं त्याला जवळही केलं नाही. थोड्या वेळानं तो तिच्या शेजारी उभा राहून भांडी पुसू लागला, ती मात्र तिनं पुसू दिली.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर टेरेन्सनं भाड्याची गाडी केली आणि तिघं वसईला गेले. मॉड ओसरीवर बसून होती. कायतान पायरीपाशीच थबकले, त्यांना पुढे पाऊल टाकवेना. तिनंही ये म्हटलं नाही. ॲलिसननं त्यांना धरून वर आणलं आणि बहिणीसमोर बसवलं.

मॉडनं भावाकडे नीट पाहून घेतलं आणि मग ॲलिसनला म्हणाली, “वाच गो. याच्यासमोर वाच.”

ॲलिसननं अंक उघडला. टेरेन्स पायरीवर बसला. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या संसारात तो तिचं लिखाण पहिल्यांदाच ऐकत होता. ती वाचत गेली. चौपाटी आली, भेळ आली, बापानं मुलाला समोर बोलावलं… आणि कायताननी हात वर केला.

“थांब, ॲली.” ते बहिणीकडे वळले. “मॉड, मी होतो तिथे. तुमच्याबरोबर होतो. आणि मी नाही म्हणालो.”

“मना ठावं हाय रे,” मॉड म्हणाली. “तुज्या तोंडून ऐकायचं होतं.”

तिनं त्यांचा सुरकुतलेला हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. त्यांना हुंदका आवरेना. तिचे डोळे मात्र कोरडेच होते, जणू तिच्या वाट्याचं रडून कधीच संपलं होतं.

“आता त्या जागी खरं लिही, ॲली,” कायतान म्हणाले.

“लिही,” मॉड म्हणाली. “पण ते उद्या. आज मना माजा मार खाल्लेला भाव ऐकू दे.”

ॲलिसनला ओळी दिसेनात. टेरेन्सनं पायरीवरून हात पुढे करून अंकाचं पान धरलं, वाऱ्यानं उलटू नये म्हणून. तिनं डोळे पुसले आणि राहिलेल्या ठिकाणाहून ती पुढे वाचू लागली.