तुझ्याबद्दल कोणाला सांगू?

जाफराबादला निघालेल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये एक तरुण पाय लांब करून बसला होता, आणि त्या पायापलीकडची जागा तेवढी तृप्तीसाठी शिल्लक होती.

"पाय आत घ्या की जरा."

"घेतला असता... पण वाकून न्हाई राह्यला."

बहाणा म्हणावा, तर चेहऱ्यावर ओशाळं हसू होतं. परतीच्या पावसाचे शिंतोडे खिडकीतून आत येत होते आणि एक थेंब त्याच्या पापणीवर अडकून बसला होता. तृप्तीने आधी पाय पाहिला, मग पापणी. ती जाफराबादच्या दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट. केदारखेड्याच्या शेतकऱ्याची लेक, जिभेने फटकळ, हाताने मऊ. एरवी तिला माणसांचे गुडघे लक्षात राहायचे, चेहरे नाही.

"ऑपरेशन कधी झालं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"एवढा ताठ पाय हौसेनं कोणी धरत न्हाई."

तो मोठ्याने हसला. त्याचं नाव श्रेयांस. जाफराबादच्या बाजारात बियाणांचं दुकान असलेल्या मारवाडी घरातला धाकटा. नोकरी अमेरिकेत. रविवारच्या क्रिकेटमध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तिथेच ऑपरेशन झालं. पण विम्यातून मंजूर झालेला व्यायाम संपला, पाय मात्र पुरता वाकेना, म्हणून घरून काम करायची परवानगी काढून तो गावी आला होता. आज घरची गाडी भोकरदनला बंद पडली, म्हणून जीप.

"उद्या दवाखान्यात या," ती म्हणाली.

"उद्याच? नंबर, चिठ्ठी... काही न्हाई?"

"यायचं असलं तर या, न्हाई तर ऱ्हाऊ द्या!"

तो आला, पण वरात घेऊन. आई साधनाबाई, काका, वर दुकानातला एक माणूस. तृप्तीने विचारलं, दुखतं का? काका म्हणाले, "लई दुखतं." आई म्हणाली, "रात्रभर झोपत न्हाई पोरगा." ज्याचा गुडघा तो बिचारा छताकडे बघत होता. पुढे रब्बीच्या बियाणांची गर्दी सुरू झाली, घरच्यांना दुकान सोडवेना, आणि श्रेयांस एकटा येऊ लागला.

मग गप्पा रंगल्या. तिकडे म्हणे आधी नेहमीच्या डॉक्टरला गाठायचं, त्यानं चिठ्ठी दिली की मोठ्या डॉक्टरची तारीख मिळायची, आणि मोठ्यानं तपासणी सांगितली की विमा कंपनीची मंजुरी. कोणतं हॉस्पिटल कंपनीच्या यादीत, कोणतं बाहेर, हे दुखऱ्या माणसानेच शोधायचं.

"फोन केला की ते गाणं लावून देतात. तासभर ऐका."

"मंग दुखणं कमी होतं?"

"न्हाई. गाणं पाठ होतं."

तृप्ती इतकी हसली की तिच्या हातातला त्याचा पाय हलला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनाही कळलं नाही. तो वेळेच्या आधी येऊ लागला, आणि तिला सकाळी ओढणी निवडायला उशीर होऊ लागला.

"पण तिकडच्यांना नुसती नावं ठेवून चालायचं न्हाई," तो एकदा म्हणाला. बाहेर पाऊस लागला होता, वीज गेली होती, दवाखान्यात दोघंच. "तिथं मला पहिल्यांदा विचारलं, बरा झाल्यावर काय करायचंय तुला?"

"काय सांगितलंस?"

"तेव्हा काही सुचलं न्हाई. आता विचार."

"बरं... काय करायचंय?"

"केदारखेड्याला यायचंय. तुझ्या वडिलांसमोर मांडी घालून बसायचंय."

तृप्तीचे कान तापले. "टाच मागं ओढ," ती कशीबशी म्हणाली.

"आधी हात तर काढ..."

तिने हात काढला नाही. तो मात्र गंभीर झाला. ऑपरेशनच्या सकाळी नर्सने दार लावून घेतलं होतं आणि विचारलं होतं, तुझ्याबद्दल कोणाला सांगू? तू सांगशील त्यालाच सांगणार, बाकी कोणाला नाही. त्याने कोणाचंच नाव दिलं नव्हतं.

"आईचंबी न्हाई?"

"आईला सांगितलं की साऱ्या गावाला सांगितलं." तो उठून बसला. "तृप्ती, गुडघ्यासाठी गेल्तो, अन् त्यांनी विचारलं, अलीकडं उदास वाटतं का? एवढंच. मी तिथंच रडलो. लई दिवस एकटाच होतो गं. तेव्हापासून मनाच्या गोळ्या चालू हायत. एक बाई दर आठवड्याला फोनवर बोलती. आता बिलकुल बरं वाटतंय... पण घरी कोणाला ठाऊक न्हाई."

"मंग मला का सांगितलंस?"

"पुन्हा कोणी विचारलं ना, कोणाला सांगू... तर तुझं नाव सांगीन."

यापेक्षा सरळ मागणी कोणी घातली असेल, असं तृप्तीला वाटलं नाही. त्या संध्याकाळी गावाकडच्या एस.टी.त ती उगाचच हसत होती. सुख असं दारात येऊन उभं होतं, आणि तिने काय केलं?

दिवाळीच्या तोंडावर साधनाबाई डबाभर खाखरे घेऊन दवाखान्यात आल्या. डोळे सुजलेले.

"तृप्ती, त्याच्या बॅगेत गोळ्या दिसल्या. विचारलं तर बोलत न्हाई. तुझ्याजवळ बोलतो तो. कॅन्सर-बिन्सर तर न्हाई ना गं? आई हाय मी... तू तरी सांग."

तृप्तीच्या वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या भावाला बाहेर बोलावून सगळं सांगितलं होतं. घरादाराला कळलं, वडील सोडून. त्यात वावगं काही असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आजार घराचा असतो, एकट्याचा कसा असेल? आणि समोर आई रडते आहे. 'तुम्ही त्यालाच विचारा' एवढे शब्द पुरले असते. ते तिला सुचले नाहीत.

"तसलं काही न्हाई, काकू. मनाच्या गोळ्या हायत. तो बरा हाय, काळजी करू नका."

साधनाबाईंनी तिचे हात हातात घेतले. आपण फार चांगलं काम केलं, असं तृप्तीला वाटलं.

रात्रीपर्यंत घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या लाडबाईंना कळलं, सकाळी दुकानात, दुपारी बाजारात. काकांनी 'असल्या गोळ्यांची सवय लागते' म्हणून पाकीट फेकून दिलं. चुलत बहिणीला त्याच्याजवळ पहाऱ्याला बसवलं. आणि न्हाणीघराची आतली कडी आईने स्वतः काढून टाकली.

तिसऱ्या दिवशी श्रेयांस दवाखान्यात आला. टेबलावर चढला नाही.

"अंघोळ करताना दार लोटून बसावं लागतं," तो म्हणाला. "बाहेरून आई हाका मारत राहती."

"श्रेयांस, मी... त्या रडत होत्या. मला वाटलं—"

"ठाऊक हाय. तू वाईट म्हणून न्हाई सांगितलंस. राग न्हाई माझा." तो खरंच रागावला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "परवा परत चाललो. तिथं गोळ्या चालू होतील."

"मी पुन्हा कधीच कोणाला..." तिने त्याची बाही धरली. "मला तू पाहिजेस रे. थांब ना."

हे ती पहिल्यांदाच बोलली होती. त्याने डोळे मिटून घेतले.

"मलाबी तूच पाहिजे होतीस. पण आता तुझ्याजवळ बोलताना मी आधी इचार करीन, हे सांगू का नको. अन् असं तोलून-मापून तुझ्यासंगं कसा राहू, तृप्ती? बाकीच्यांजवळ तसाच राहतो की मी."

जाताना तो पायऱ्या भराभर उतरला. गुडघा आता पुरता वाकत होता.

उन्हाळ्यात साधनाबाई पुन्हा आल्या, स्वतःचा गुडघा घेऊन. तृप्तीने सोबतच्या जाऊबाईंना बाहेर बसायला सांगितलं. ते आता ती सगळ्यांनाच सांगते, आणि लोक तिला शिष्ट म्हणतात. टेबलावर आडवं होताच साधनाबाईंनी मोबाइल पुढे केला. पोरींचे फोटो होते.

"तुझ्याजवळ बोलायचा तो. कशी पोरगी पाहिजे, काही बोल्ला होता का?"

तृप्ती फोटो बघत राहिली. तिचं मन धावत सुटलं होतं. एक शब्द बोलावा, काकू आज रात्री त्याला फोन लावतील, रडतील, हट्ट धरतील...

साधनाबाई तिच्या तोंडाकडे निरखून बघू लागल्या. मोबाइल हळूच खाली आला.

"तृप्ती... तू होतीस का गं?"

पंखा गरगरत होता. तृप्तीने ओठ घट्ट मिटले. डोळे भरले, ते काही तिला आवरता आले नाहीत.

"त्यालाच विचारा, काकू."

"तो मला काहीच सांगत न्हाई गं आता," साधनाबाई म्हणाल्या.

तृप्तीने त्यांचा दुखरा गुडघा दोन्ही हातांत घेतला.

"मलाबी न्हाई, काकू."