उसनी नजर

सातपूरच्या कॉलनीत समाधानचा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत संसार. पासपोर्ट फोटोपेक्षा दशक्रियेच्या फोटोसाठीच गिऱ्हाईक जास्त. माणूस हिंडताफिरता असताना त्याचा धड एक फोटो काढावा, हे आपल्याकडे कुणाला सुचत नाही; गेल्यावर मग सगळ्यांची धांदल. लोक मिटल्या डोळ्यांचा शेवटचा फोटो घेऊन यायचे. समाधान भावाबहिणीच्या फोटोतले डोळे उचलून त्या चेहऱ्यावर बसवायचा. पूर्वी ब्रशनं, दोन हजार सात साली मुंबईहून पेन डिस्प्ले आणल्यापासून थेट पडद्यावर पेन टेकवून.

हे काम त्याला मल्हारीकाकांनी शिकवलं होतं. काका बजावायचे, "डोळे जित्या माणसाचे उसने घेतो आपण. बुबुळातला उजेडाचा ठिपका तेवढा पुसायचा नि आपल्या हातानं नवा द्यायचा. नायतर नजर ज्याची त्याला परत जात नाय." समाधान हसायचा, पण ठिपका न चुकता पुसायचा.

मग त्याचीच लेक गेली. नवसासायासानं झालेली साक्षी, डोळे न उघडताच गेली. दवाखान्यात काढलेला एकच फोटो मागे राहिला. छाया, त्याची बायको, भिंतीला टेकून नुसती बसून असायची. एकदा म्हणाली, "अहो, दुनियेचे डोळे उघडता तुम्ही. माझ्या पोरीनं एकदा माझ्याकडं बघावं, एवढं करा."

त्यानं छायाच्याच लग्नातल्या फोटोतले डोळे घेतले. पेन फिरलं, इवल्या पापण्या उघडल्या आणि पोर बघायला लागली. ठिपका पुसायला मात्र त्याचा हात धजेना. शेवटी बापाचं काळीज ते, कसं पुसणार? तसाच फोटो छापून त्यानं छायाच्या बिछान्यासमोर टांगला.

दुसऱ्या दिवसापासून छायाच्या हातून भांडी निसटायला लागली. डॉक्टर झाले, चष्मा झाला. डोळ्यांत दोष काही निघेना. हळूहळू तिला स्वतःचा हातही दिसेना. आणि फोटोतली बुबुळं दिवसेंदिवस ओलसर, टवटवीत होत चालली. काकांचं बोलणं समाधानला आता आठवलं.

"मी पुसतो ते डोळे," तो म्हणाला.

"नको..." छाया अगदी हळू म्हणाली. "मला दिसतंय हो. भिंतीवरून दिसतंय. मी दिसते... केस पिंजारलेली. ती माझ्याकडंच बघतेय..."

त्याला रडू फुटलं. पण बायको आंधळी होताना कुठला नवरा हातावर हात धरून बसेल? भर दुपारी तो पुढच्या खोलीत आला, मूळ चित्र उघडलं आणि पेनानं दोन्ही ठिपके पुसून टाकले. डोक्यावर पंखा गरगरत होता.

"अहो..." आतून हाक आली. "लाईट गेली का?"

घाईघाईनं त्यानं पुसलेलं परत आणलं. पडद्यावरचे डोळे उजळले, पण आता ते थेट त्याच्याच तोंडाकडे बघत होते.

"आली..." छाया म्हणाली. "पण आता तुम्हीच दिसताय... रडू नका ना असं. आणि तिला सांगा ना हो... आईकडं बघ म्हणावं."