दारात साचलेलं पाणी

तुम्ही हसाल, पण ऐका. गाडीला आतून उष्णता आणि आवाज अडवणारी शीट चिकटवायचं काम मी हौसेनं केलं नव्हतं. माझ्या वडिलांना, रंगरावांना, आठवड्यातून तीनदा धायरीहून कोथरूडला डायलिसिसला न्यावं लागायचं. आमची जुनी व्हॅन मे महिन्यात भट्टीसारखी तापायची, पत्रा खडखडायचा. बाबा वैतागून म्हणाले, "असं उकडून मरण्यापेक्षा घरीच मरतो."

गॅरेजला दिली तर गाडी चार दिवस अडकणार, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. आमच्या सोसायटीत दुपारी एक ते चार ठोकाठोकीला बंदी आहे. शीट चिकटवायला नाही. दारांची आतली पॅडं काढली, बायकोच्या हेअर ड्रायरनं काळी शीट गरम केली आणि रोलर फिरवून पत्र्यावर दाबली. एकही फट सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी आत इतकी शांतता, की बाहेरचा गजबजलेला सिंहगड रोड दुसऱ्याच गावात असावा. मी खूश होतो. मग मागच्या डाव्या दारातून, बाबांच्या कोपरापाशी, आवाज आला. गटक... थांबून पुन्हा, गटक...

"सुदर्शन," बाबा हळूच म्हणाले, "कुणीतरी पाणी पितंय रे..."

पथ्यामुळे दिवसाला जेमतेम पाऊण लिटर पाणी मिळणारा माणूस तो. आवाज दर खेपेला वाढत गेला, आणि सोमवारी बाबांनी गाडीत बसायला साफ नकार दिला. एक डायलिसिस चुकलं. आता अंगात पाणी साठणार, दम लागणार, या धास्तीनं माझी झोप उडाली.

मंगळवारी पॅड उघडलं आणि कपाळावर हात मारला. दाराच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. माझ्या टापटिपीत तीही बुजली होती. शीट सोलली. बादलीत चार लिटर तरी पाणी पडलं, पिवळसर, कोमट. गाडी धुतलेलं साचलं असणार. मला इतकं हलकं वाटलं, की पार्किंगमध्ये एकटाच हसत बसलो.

बुधवारी बाबा मुकाट गाडीत बसले. दारात आवाज नव्हता. दवाखान्यात दीपमाला सिस्टरनी त्यांचं वजन केलं, मग पुन्हा केलं.

"सोमवारचं डायलिसिस चुकलं होतं ना यांचं? चार किलो तरी वाढायला हवं होतं. काहीच वाढलेलं नाही. पाणी गेलं कुठे?"

बाबांची पावलं सुजली नव्हती, श्वास मोकळा होता. माझे डोळे भरून आले. कसं काय, हे विचारायची मला गरजच वाटली नाही.

परतताना मी आरशात पाहिलं. बाबांचे ओठ कोरडे पडले होते. ते त्याच डाव्या दाराकडे कलले, पॅडवर हळूच थोपटलं आणि कुजबुजले,

"अहो, पुरे आता... अंगात माझ्यापुरतं थोडं राहू द्या..."