टाकीत उरलेली हवा

पाणबुड्या त्या घरी गेला तो निव्वळ टाकी बघायला. सगळे त्याला पाणबुड्याच म्हणत. बोटींच्या तळाचं शेवाळ खरवडायचं, पंख्यात अडकलेली जाळी सोडवायची, यावर त्याचं पोट होतं. पाण्याखाली श्वासासाठी पाठीवर बांधतात ती त्याची जुनी हवेची टाकी दाबाच्या चाचणीत नापास झाली होती, आणि नवी घ्यायची तर गडी पक्का चिक्कू. तेव्हा पोलादी, वापरलेली पण धडधाकट अशी कुठे मिळते का, हे तो हुडकत होता.

विकणारी बाई साठीची असावी. टाकी तिनं अंगणाच्या पार टोकाला, पत्र्याच्या छपराखाली ठेवली होती. नवऱ्याची आहे म्हणाली. तेही पूर्वी पाण्यात उतरायचे, आता कित्येक महिने अंथरुणाला खिळलेत. उघड्या खिडकीतून त्यांचा श्वास बाहेरपर्यंत ऐकू येत होता. घुर्र… मग बराच वेळ काही नाही… मग पुन्हा घुर्र. ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागत होता.

पाणबुड्यानं टाकी वाजवून पाहिली, तळाशी गंज धरलाय का ते पाहिलं, आत किती हवा आहे ते दाखवणारं गेज लावलं. काटा निम्म्याच्या वर होता. माल अस्सल होता. मनातून त्याला उकळ्या फुटत होत्या, पण चेहरा त्यानं सुतकी ठेवला, भाव पाडायचा होता ना. बाईनं मात्र घासाघीस केलीच नाही. एकच अट घातली.

"इथेच रिकामी करा. पूर्ण. एक फुंकरसुद्धा ठेवू नका."

मग तुम्हीच का नाही केली, असं त्यानं सहज विचारलं. हात धजावत नाही, म्हणाली.

शिळी हवा तशीही कुणी ओढत नाही, तेव्हा अटीत त्याला काही वावगं वाटलं नाही. त्यानं व्हॉल्व्ह उघडला. हवा सणसणत सुटली, आणि तिच्याबरोबर कसल्यातरी मलमाचा उग्र वास. बाई खिडकीकडे कान लावून उभी होती. आतली घुर्र बारीक होत चालली होती, पण पाणबुड्याचं सगळं लक्ष काट्यावर.

आता या धंद्यात एक नेम आहे. पोलादी टाकी कधी ठार रिकामी करत नाहीत. थोडी हवा आत राहू देतात, नाहीतर बाहेरची ओल शिरते आणि टाकी आतून गंजते. वर्षानुवर्षांचं अंगवळण ते. काटा तळाला टेकायच्या जरा आधीच त्याच्या हातानं व्हॉल्व्ह आवळला.

"संपली?" बाईनं विचारलं.

"संपली," तो म्हणाला. एवढ्याशा हवेवरून कोण वाद घालत बसणार?

आत घुर्र झालं. अगदी बारीक, पण झालं.

बाईचा चेहरा पडला. "नाही संपली…" ती स्वतःशीच पुटपुटली. निघताना तिनं एवढंच बजावलं, की टाकी घरात ठेवू नका, निदान कुणी झोपतं तिथे तर नाहीच नाही.

पण ऐकेल तर तो पाणबुड्या कसला. बाहेर ठेवली तर कुणीतरी उचलून नेईल, म्हणून त्यानं ती झोपायच्या खोलीत नेली आणि बबडीच्या पलंगाला टेकवून उभी केली. बबडी म्हणजे त्याची चार वर्षांची लेक, पायाला भिंगरी लावलेली पोर.

दुसऱ्या दिवशी गेज लावलं तर काटा किंचित वर. चिकटला असेल म्हणून त्यानं टिचकी मारली. त्यानंतर रोज काटा थोडा थोडा चढतच गेला. आपली टाकी दुभती आहे, न भरता भरते, असं तो बायकोला थट्टेनं म्हणालासुद्धा. बायको हसली नाही. दोन पायऱ्या चढली की बबडी हल्ली धापा टाकत होती. डॉक्टरांनी छाती तपासली, छाती स्वच्छ आहे म्हणाले, टॉनिक लिहून दिलं. पोर तरीही सुकतच चालली. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही.

एका दुपारी बबडी झोपली होती. गेज टाकीवरच होतं, आणि तो तिथेच दोर गुंडाळत बसला होता. बबडीनं श्वास सोडला. काटा हलला. मग तिनं आत घेतलाच नाही… बराच वेळ नाही… आणि मग एकदम, दचकल्यासारखा घेतला. पुन्हा सोडला. काटा पुन्हा हलला. त्यानं टाकीला हात लावला. टाकी कोमट होती. हवा भरली जात असताना टाकी तापते, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्यानं टाकी खांद्यावर घेतली, गाडीत टाकली आणि थेट गावाबाहेरचा पाण्याचा काठ गाठला. या खेपेला तो नेमधर्म काही पाळणार नव्हता. त्या बाईचं ऐकायला हवं होतं, असं म्हणत त्यानं व्हॉल्व्ह सताड उघडला.

आधी आला तो मलमाचा वास. मग दुसरा, उबदार, दुधट. बबडी झोपली की तिच्या मानेपाशी येतो, तो.

खिशात फोन वाजला. वाजत राहिला. त्यानं एका हातानं तो कानाला लावला, दुसरा व्हॉल्व्हवर होता.

"अहो… बबडी श्वास घेत नाहीये… अहो, ही निळी पडतेय…"

त्याला त्या क्षणी सगळं कळलं. खिडकीतली घुर्र का बारीक होत गेली, बाईचा हात का धजावत नव्हता, सगळं. त्यानं जीव खाऊन व्हॉल्व्ह आवळला. फोनमध्ये बायकोचं रडणं तेवढं ऐकू येत होतं.

"घेतला…" ती म्हणाली. "घेतला तिनं श्वास. तुम्ही या ना घरी."

येतो, एवढंच तो म्हणाला. टाकी त्यानं तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली आणि व्हॉल्व्ह आणखी आवळला, हाताला वळ उठेपर्यंत. मग बोटाला थुंकी लावून ते व्हॉल्व्हच्या मानेभोवती फिरवलं. हवा गळत नाही ना, हे पाणबुडे असंच बघतात.

थुंकीत एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. त्यानं तो पुसला, पुन्हा बोट ओलं करून लावलं आणि श्वास रोखून पाहत राहिला.

बुडबुडा पुन्हा आला, आणि हळूहळू मोठा होऊ लागला.